दुर्बिणीला व्हिडिओ कॅमेरा जोडून गुरूचे छायाचित्रण
वातावरणाच्या थरथरीत ग्रहाची प्रतिमा क्षणभरच स्थिर होते आणि असे क्षण व्हिडिओच्या हजारो चौकटींतूनच वेचता येतात. रंकाळ्याकाठच्या दिव्यांचा गुरूला फारसा त्रास होत नाही, त्यामुळे पन्हाळ्यापर्यंत दुर्बीण वाहून नेण्याची गरज नाही. मात्र दिवसभर तापलेल्या गच्चीपेक्षा अंगणातील मातीची जागा निवडावी आणि दुर्बीण पाऊण तास आधी बाहेर ठेवावी.

दुर्बिणीच्या बैठकीचा आरोहणाचा अक्ष, म्हणजे ज्याभोवती फिरून ती आकाशातील ग्रहाचा माग ठेवते तो, ध्रुवताऱ्याकडे रोखावा. कोल्हापुरातून तो क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर असल्याने बहुधा शेजारची इमारत आड येते. अशा वेळी होकायंत्रावर भागवावे लागते.

नेत्रिकेच्या जागी कॅमेरा बसवावा. नाभीय अंतराला दुर्बिणीच्या व्यासाने भागून येणारे गुणोत्तर पिक्सेलच्या मायक्रॉनमधील आकाराच्या साधारण पाचपट असावे, म्हणजे २.९ मायक्रॉनच्या पिक्सेलसाठी सुमारे १५. एफ-६ च्या, म्हणजे हे गुणोत्तर ६ असलेल्या, दुर्बिणीला त्यासाठी अडीचपट बार्लो भिंग (नाभीय अंतर वाढवणारे भिंग) पुरते. फोकस गुरूच्या एखाद्या चंद्रावर साधावा. ढगांच्या पट्ट्यांवर तो साधू पाहणे म्हणजे डोळ्यांना उगाच शिक्षा आहे.

एका चौकटीचा प्रकाशनकाळ (एक्स्पोजर) १० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून, ग्रहाभोवतीचा लहान भागच चित्रित करावा, म्हणजे दर सेकंदाला मिळणाऱ्या चौकटी वाढतात. गुरू १० तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरत असल्याने चित्रण दोन-तीन मिनिटांत थांबवावे, अन्यथा तपशील पुसट होतात. नंतर ऑटोस्टॅकर्ट या संगणक-प्रणालीत उत्तम २० ते २५ टक्के चौकटी एकत्र करून रेजिस्टॅक्स या दुसऱ्या प्रणालीत बेताने धार द्यावी. कडेला पांढरी रेघ उमटू लागली की हात आवरावा.