गाडी उंच केल्यावर ॲडजस्टेबल लिंक रॉड कसे बसवाल?

बागेपर्यंतचा खडीचा रस्ता आणि पावसात खचलेल्या साइडपट्ट्या यांना कंटाळून कोकणात गाडी इंच-दीड इंच उचलून घेणारे बरेच आहेत. स्प्रिंगा बदलतात, शॉकअप बदलतात, पण स्टॅबिलायझर बारचे (वळणात गाडी झुकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे) लिंक रॉड, म्हणजे त्याला चाकांकडच्या भागांशी जोडणाऱ्या छोट्या काड्या, जुनेच राहतात. मग बार कललेला राहतो, रॉडच्या टोकाचा गोल फिरणारा बॉल जॉइंट तिरका ओढला जातो आणि पुढून टकटक सुरू होते. लांबी कमीजास्त करता येणारे रॉड यावरचा इलाज आहेत. मात्र ते आवळले की गाडी कडक होते, ही समजूत चुकीची आहे. वळणात गाडी किती झुकेल हे मुख्यतः बारची जाडी आणि त्याच्या हातांची (वळलेल्या टोकांची) लांबी ठरवते. लिंकने बारला फक्त योग्य जागी आणि पीळ न देता धरायचं असतं.

आधी गाडीखाली वाकून बघा, लिंक बारपासून कुठे जाते? गॅरेजात सरसकट सांगतात, ‘गाडी उचलली की लांब रॉड.’ हे अर्धंच खरं. लिंक बारवरून खाली लोअर आर्मला (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला) किंवा ॲक्सलला जात असेल, तर उचललेल्या गाडीला लांब रॉड लागतो. पण बऱ्याच हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्हींत लिंक वर शॉकअपला जाते. तिथे गाडी उचलली की शॉकअप बारला खाली ढकलतो, म्हणून रॉड आखूड करावा लागतो. नव्या शॉकअपवर लिंकची पट्टी वरखाली सरकलेली असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. त्यामुळे नियम पाठ करू नका, बारकडे बघा. गाडी चाकांवर उभी असताना बारचे हात साधारण आडवे आणि लिंक त्यांच्याशी काटकोनात हवी.

खरेदी करताना रबरी बूट असलेले बॉल जॉइंटच घ्या. रेसिंगचे उघडे जॉइंट दिसायला झकास, पण समुद्रकाठची रेती आणि खारी हवा त्यांना फार दिवस टिकू देत नाही.

नव्या स्प्रिंगा थोड्या चालवून बसू द्या, मग कामाला लागा. जागा सपाट हवी. खळ्यातली जमीन डोळ्यांना सपाट वाटते, पण गवंड्याची पाण्याची नळी लावली की खरं कळतं. चारी टायरांत योग्य हवा भरा, स्टिअरिंग सरळ ठेवा, ड्रायव्हरच्या सीटवर कोणाला तरी बसवा. कायम आंब्याच्या पेट्या वाहणारी गाडी असेल तर तेवढं वजनही ठेवा. पिट किंवा चारही चाकं टेकतील असा रॅम्प सर्वात उत्तम, कारण चाकं लोंबकळत असताना केलेलं सेटिंग फुकट जातं. गाडी चिऱ्यांवर चढवून खाली शिरू नका. जांभा दाबाखाली कधी फुटेल, सांगता येत नाही.

जुन्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. सोडताना बॉलचा दांडा नटाबरोबर फिरतो. त्याच्या टोकाला बहुधा एलन कीसाठी खाच असते. तिथे तो धरा आणि पान्याने नट फिरवा.

नवे दोन्ही रॉड आधी जुन्यांच्या लांबीला लावा, दोन्ही टोकांना आटे सारखे आत ठेवून. कितीही लांब करायचा असला तरी आट्याच्या व्यासाच्या दीडपट तरी आटे आत राहिले पाहिजेत, म्हणजे १० मिमीच्या आट्याला किमान १५ मिमी. आता एक बाजू जोडा आणि रॉड फिरवत बार आडवा आणा.

खरी मेख दुसऱ्या बाजूला. तिथला रॉड थोडा थोडा फिरवत राहा, बॉलचा दांडा बोटाने ढकलून भोकात सरकेपर्यंत. पहारीने बार दाबून बोल्ट घातलात तर बारला उभ्या जागी पीळ राहतो आणि घाटात गाडी डाव्या वळणाला एक वागते, उजव्याला दुसरंच. दोन्ही रॉडांच्या लांबीत किंचित फरक आला तरी चालेल.

चेकनट (रॉडची लांबी पक्की धरणारे नट) आवळताना दोन्ही टोकांचे बॉल मधोमध धरा, नाहीतर एक जॉइंट आधीच कडेला टेकलेला राहतो. मुख्य नट नवे वापरा आणि टॉर्क रेंचने, कंपनीच्या आकड्याइतकेच आवळा. वर रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे सैल झालेला नट लगेच दिसेल. नंतर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा. लिंक टायरला, ब्रेकच्या होजला किंवा ड्राइव्हशाफ्टच्या बुटाला लागत नाही ना, बघा. पुढची दोन्ही चाकं उचलून, स्टँडवर ठेवून हेच पुन्हा तपासा.

चाचणी आधी सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर घ्या, घाट नंतर. शे-दोनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. उघड्या आट्यांवर ग्रीस थापा आणि गाडी किनाऱ्यावर नेली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. एवढं करूनही टकटक आली तर लिंकला दोष देण्याआधी बारचे बुश (बारला गाडीशी धरणारे रबर) बघा.