जर्मनीत नवीन आलात? किराणा असा भरा

नवीन आलेलं मराठी कुटुंब पहिले काही महिने सगळंच इंडियन स्टोअरमधून आणतं, अगदी रवा-बेसनसुद्धा, आणि मग महिनाअखेरीला हिशोब बघून धसका घेतं. आम्हीही तेच केलं. तिथून फक्त तूरडाळ, पोहे, साबुदाणा, हिंग, मसाले आणा, तेही महिन्यातून एकदा. बाकीचं तुर्की दुकानात नाहीतर साध्या सुपरमार्केटात मिळतं, नावं तेवढी ओळखता यायला हवीत.

तुर्की दुकानात इर्मिक म्हणजे रवा, नोहुत म्हणजे काबुली चणे आणि किर्मिझी मेर्जिमेक म्हणजे मसूरडाळ (किर्मिझी म्हणजे लाल, आपला किरमिजी तो हाच). कोथिंबीर घेताना पान चुरडून वास घ्याच, शेजारीच पार्सलीच्या जुड्या असतात आणि त्या लांबून अगदी सारख्या दिसतात.

गव्हाच्या पिठाच्या पाकिटावर टाइप लिहिलेला असतो. 405 म्हणजे जवळजवळ आपला मैदा, नंबर वाढेल तसा कोंड्याचा अंश वाढतो. पोळ्यांना मी 1050 मध्ये थोडं 550 घालते, कणीक नेहमीपेक्षा जरा सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवते, पोळी दुपारच्या डब्यातही मऊ राहते.

आता तूप, तयार तुपाची बरणी घेऊच नका. लोणी, म्हणजे इथलं बटर, वेगवेगळ्या तऱ्हेचं असतं, जसं झ्यूसराम आणि झाउअरराम. झाउअर म्हणजे आंबट, ते विरजण लावलेल्या सायीचं असतं, म्हणजे आपल्या घरच्या लोण्याच्या जवळचं, तेच घ्या. 250 ग्रॅमची चार पाकिटं कढवली की आठशे ग्रॅमच्या आसपास तूप होतं. आच मंद ठेवा, फेस बसून तळाशी बेरी बदामी दिसायला लागली की भांडं लगेच उचलून बाजूला ठेवा, नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण इथली इलेक्ट्रिक शेगडी नंतरही बराच वेळ तापलेली असते आणि बेरी करपते.

रविवारी दुकानं बंद असतात हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. ईस्टरला तर गुड फ्रायडे, रविवार आणि सोमवार बंद, मधला शनिवार तेवढा उघडा, त्यामुळे लहान मूल असेल तर दूध आणि डायपर गुरुवारीच भरा. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या, कॅन फेकू नका, बहुतेकांवर 25 सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये टाकून चिठ्ठी घ्यायची आणि ती काउंटरवर द्यायची.

कपड्यांच्या साबणाचं बघून घ्या. मी पहिला महिनाभर वाइखश्प्यूलरनेच कपडे धुतले, ते नुसतं सॉफ्टनर असतं, साबण म्हणजे वाशमिटेल. किती घालायचा ते पाण्याच्या कठीणपणावर ठरतं, तक्ता पाकिटामागेच असतो.

आणि भारतातून येताना तूप, पेढे, खवा आणू नका, दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपात आणायला बंदी आहे, ताजा कढीपत्ताही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती प्रेमाने भरून देते आणि विमानतळावर काढून टाकावं लागतं, फार जीवावर येतं. ती जागा गोडा मसाला, मेतकूट आणि कुळथाच्या पिठाला द्या.