नेत्रविभागाची बातमी लिहिताना: दृष्टीचे आकडे, फोटो आणि ‘जगात प्रथमच’

विद्यापीठाच्या नेत्रविभागात बातम्यांना तोटा नसतो. कुणाचा शोधनिबंध येतो, कुणाला अनुदान मिळतं, पडद्याच्या तपासणीसाठी नवं ओसीटी यंत्र बसतं, तपासणी शिबिर पार पडतं. पण वार्तापत्राच्या टेबलावर येणारा मजकूर एक तर प्रबंधाच्या भाषेत असतो, नाहीतर जाहिरातीच्या. वाचकाला हवं ते दोन्हींत नसतं: किती माणसांचे किती डोळे, आधी किती दिसत होतं, नंतर किती दिसू लागलं, ते कधी मोजलं आणि तुलना कशाशी केली. ही पाच उत्तरं मिळेपर्यंत उपचाराची बातमी लिहायला घेऊ नका.

माहिती मागवताना

‘काही विशेष असल्यास कळवावे’ असा निरोप पाठवला तर पुरस्कारांचे फोटो येतात आणि संशोधन राहून जातं. त्याऐवजी ठरावीक तारखेला एक पानी तक्ता पाठवा. वरच्या पाच प्रश्नांखेरीज त्यात तीन रकाने हवेतच: काम कोणत्या टप्प्यावर आहे, पैसा कुणाचा आहे आणि पडताळणीसाठी फोन कुणाला करायचा.

टप्प्याचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. परिषदेत मांडलेलं पोस्टर, तज्ज्ञांच्या तपासणीआधी संकेतस्थळावर ठेवलेला मसुदा, नियतकालिकाने स्वीकारलेला निबंध आणि प्रसिद्ध झालेला निबंध या चार वेगळ्या गोष्टी आहेत. ‘संशोधन प्रसिद्ध’ हे शब्द फक्त चौथ्यासाठी राखून ठेवा. निबंध स्वीकारला गेला असेल, तर नियतकालिकाने बातमीवर तारखेचं बंधन घातलं आहे का, हे लेखकाकडून लेखी घ्या. बंधन मोडलं तर त्रास संशोधकाला होतो, वार्तापत्राला नाही. प्रयोग पेशींवर, उंदरांवर की माणसांवर झाला हे पहिल्या दोन वाक्यांत आलं पाहिजे. ते शेवटच्या परिच्छेदात ढकललं की शंभरातले नव्वद वाचक उपचार मिळू लागला असं समजून बसतात आणि दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात फोन वाजू लागतात.

दृष्टीचा आकडा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून.

६/६० म्हणजे सामान्य नजरेला जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येतं, ते ओळखायला या माणसाला ६ मीटरवर यावं लागतं. ही पद्धत उट्रेख्टच्या स्नेलेन यांनी १८६२ मध्ये आणली. ६/६ च्या ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून डोळ्याशी पाच मिनिटांचा (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करतं, म्हणजे त्याची उंची जेमतेम ८.७ मिलिमीटर भरते. ६/६० चं अक्षर त्याच्या दहापट, सुमारे ८७ मिलिमीटर. म्हणूनच वार्तापत्राच्या कोपऱ्यात ‘घरबसल्या नजर तपासा’ म्हणून तक्ता छापू नये. मोबाइलवर तो कितीही लहान-मोठा होतो आणि त्यातून निघालेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

संशोधनात मात्र स्नेलेनऐवजी बहुधा लॉगमार ही नजरेची दुसरी मोजपट्टी येते. १९७६ मध्ये मेलबर्नला बेली आणि लव्ही यांनी तक्त्याची अशी रचना दिली की प्रत्येक ओळीत पाच अक्षरं आणि ओळी-ओळींत सारख्याच प्रमाणात घट. आज चाचण्यांत वापरला जाणारा ईटीडीआरएस तक्ता याच रचनेवर बेतलेला आहे आणि तो सहसा ४ मीटरवरून वाचतात. इथे गाठ पडते ती उलट्या मोजणीशी: लॉगमार शून्य म्हणजे ६/६, ०.३ म्हणजे ६/१२, १.० म्हणजे ६/६०. आकडा खाली आला की नजर सुधारली. ‘लॉगमार ०.८ वरून ०.३ वर घसरला’ असं वाचून एखादा नवखा उपसंपादक बातमीला ‘दृष्टीत घट’ असा मथळा देऊन मोकळा होतो.

एका अक्षराची किंमत ०.०२, पाच अक्षरांची एक ओळ ०.१. पंधरा अक्षरं वाढली म्हणजे तीन ओळी, म्हणजेच आधीच्या निम्म्या आकाराचं अक्षर ओळखता आलं. वाचकांसाठी नेमकं हेच वाक्य लिहा. ‘दृष्टी ५० टक्के सुधारली’ असं लिहू नका. ६/१२ म्हणजे अर्धी नजर नव्हे, आणि ६/६० वरून ६/३० ला पोचलेल्या माणसाचा दिवस ६/१२ वरून ६/६ ला पोचलेल्यासारखा बदलत नाही, कागदावर दोघांचीही सुधारणा तीन ओळींची असली तरी.

पुढचा प्रश्न: ही नजर चष्म्याशिवाय मोजली, माणूस वापरतो त्या चष्म्याने की सर्वांत योग्य नंबर लावून? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या बातमीत याने बराच फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या निकषांत शस्त्रक्रियेनंतर ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर उपलब्ध चष्म्यासह किमान ८० टक्के डोळ्यांना आणि योग्य नंबर लावून किमान ९० टक्के डोळ्यांना यावी, असं होतं. त्यामुळे ‘९० टक्के यश’ हा आकडा पहिल्या प्रकारचा असेल तर कौतुकाचा, दुसऱ्या प्रकारचा असेल तर निकषापुरता. हल्ली चांगल्या निकालाची रेषा ६/१२ वर धरतात, तेव्हा कोणती रेषा वापरली तेही विचारा.

टक्केवारीचा पाया

समजा, ३०० डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, सहा आठवड्यांनी १८० तपासणीला आले आणि त्यांतल्या १६२ डोळ्यांची नजर चांगली निघाली. तक्त्यात ‘९० टक्के’ येईल. हिशेब बरोबर आहे, पण तो १८० चा आहे. ३०० पैकी चांगली नोंदली गेलेली नजर ५४ टक्केच. न तपासलेल्या १२० डोळ्यांच्या माणसांचं बरं चाललंय म्हणून ते आले नाहीत, की दिसत नाही म्हणून दुसरीकडे गेले, हे तक्ता सांगत नाही. ‘तपासणीला आलेल्या १८० डोळ्यांपैकी १६२’ असं सरळ लिहा. विभागप्रमुख जरा नाराज होतील, पण उद्या कुणी हिशेब मागितला तर हेच वाक्य टिकतं.

डोळे आणि माणसं यांची सरमिसळही नेहमीची. एकाच माणसाचे दोन्ही डोळे मोजले असतील तर दोन्ही आकडे द्या. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक थराच्या, बाबतीत दानात मिळालेले आणि प्रत्यक्ष बसवलेले यांतला फरक राखा, कारण मिळालेला प्रत्येक कॉर्निया बसवण्याजोगा नसतो.

टक्के आणि टक्केबिंदू हाही एक खड्डा आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०३० पर्यंत मोतीबिंदू शस्त्रक्रियेच्या परिणामकारक व्याप्तीत (गरज असलेल्यांपैकी किती जणांना शस्त्रक्रियेनंतर चांगली नजर आली, यात) ३० टक्केबिंदूंनी वाढ करण्याचं लक्ष्य मान्य केलं. ४० वरून ७० हे ३० टक्केबिंदू. ४० मध्ये ३० टक्के वाढ केली तर होतात फक्त ५२.

यंत्राने निदान करणाऱ्या प्रणालींच्या बातम्यांत ‘अचूकता’ हा एकच शब्द फेकला जातो. त्याजागी दोन आकडे मागा: आजारी असलेल्यांपैकी किती पकडले आणि निरोगी असलेल्यांपैकी किती बरोबर सोडले. मधुमेहामुळे पडद्याला होणारा आजार स्वतःहून ओळखणाऱ्या आयडीएक्स-डीआर या प्रणालीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१८ मध्ये परवानगी दिली. तिच्या मुख्य चाचणीत हे आकडे ८७.२ आणि ९०.७ टक्के होते. आता १,००० जणांत १०० आजारी आहेत असं धरा. प्रणाली ८७ जणांना पकडेल, १३ सुटतील आणि ९०० निरोगी लोकांतल्या सुमारे ८४ जणांना उगाच पुढे पाठवलं जाईल. म्हणजे ‘तज्ज्ञांना दाखवा’ असा निकाल मिळालेल्या १७१ जणांत जेमतेम निम्मेच खरे आजारी. तपासणीच्या कामासाठी हे चांगलंच आहे, फक्त बातमीत ते या शब्दांत यायला हवं.

‘जगात प्रथमच’

हे दोन शब्द आले की प्रश्न विचारा: कशात प्रथम? मे २०२३ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठाच्या रुग्णालयात चेहऱ्याच्या काही भागासह संपूर्ण डोळ्याचं प्रत्यारोपण झालं. असं माणसात पहिल्यांदाच झालं, हे खरं. पण त्या डोळ्याने दिसू लागलं नाही, डोळा जिवंत राहिला आणि त्यात रक्तपुरवठा सुरू राहिला. ‘डोळ्याचं प्रत्यारोपण यशस्वी’ एवढ्याच मथळ्याने वाचक भलत्या आशेला लागतो. रोजच्या बोलण्यात ‘डोळे बसवले’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा कॉर्नियाच बदललेला असतो. मथळ्यातही तोच शब्द घाला.

लक्स्टर्ना या जनुकीय उपचाराचं उदाहरण आणखी बोलकं आहे. डिसेंबर २०१७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, ती फक्त आरपीई६५ जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असलेल्या आणि पडद्यात पुरेशा जिवंत पेशी उरलेल्या रुग्णांसाठी. फिलाडेल्फिया आणि आयोवा इथे झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३१ जण होते. मुख्य मोजमाप होतं वेगवेगळ्या उजेडात अडथळ्यांच्या वाटेवरून चालणं. त्यात ठळक सुधारणा दिसली, तक्त्यावरच्या अक्षरांतला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. तेव्हा ‘अंधांना दृष्टी’ हा मथळा खोटा ठरतो आणि ‘अंधूक उजेडात वावरणं सोपं झालं’ हा खरा. दुसरा वाचायलाही काही वाईट नाही.

फोटो

शस्त्रक्रियेचं संमतिपत्र फोटोला चालत नाही, प्रसिद्धीसाठी वेगळी लेखी संमती घ्या. ती बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्याआधी घ्या. थेंबांनंतर जवळचं धूसर दिसतं आणि माणूस न वाचताच सही करतो. नजर कमी असेल तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवा आणि तशी नोंद करा.

ओसीटीच्या छापील पानावर वरच्या पट्टीत नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक असतो. तो काळ्या चौकटीने झाकू नका. काही फाइलींत चौकट बाजूला सरकवता येते आणि खालचं सगळं दिसतं. ती पट्टी कापूनच टाका आणि फाइलचं नावही बदला, कारण बऱ्याचदा रुग्णाचं आडनाव तिथेच राहून जातं.

डावा-उजवा तपासायची एक सोपी खूण आहे. पडद्याच्या नेहमीच्या फोटोत उजव्या डोळ्याची दृष्टिचकती, म्हणजे फिकट पिवळसर गोल भाग, चित्राच्या उजव्या बाजूला असते आणि डाव्या डोळ्याची डाव्या बाजूला. ओळीत ‘उजवा डोळा’ लिहिलंय आणि चकती डावीकडे दिसतेय, तर फोटो उलटा झालाय किंवा ओळ चुकली आहे. आधी-नंतरची जोडी छापताना दोन्हींचा उजेड आणि मोठेपणा सारखा आहे ना, ते विचारा. उजेड वाढवला की नुसत्या फोटोतही कॉर्निया स्वच्छ दिसू लागतो.

पुरस्कार आणि नेमणुकांना फार जागा देऊ नये: नाव, पद, पुरस्कार देणारी संस्था, कशासाठी, झालं. अनुदानाच्या बातमीत एकूण रक्कम, किती वर्षांसाठी आणि प्रकल्प अनेक संस्थांचा असेल तर आपल्या विभागाचा वाटा, हे तिन्ही द्या.

छापण्यापूर्वी

मसुदा संशोधकाला दाखवताना ‘कसं वाटतंय?’ असं विचारू नका, सगळं पुन्हा प्रबंधाच्या भाषेत लिहून परत येईल. आकडे आणि दावे अधोरेखित करा, तेवढेच तपासून मागा आणि दोन दिवसांची मुदत द्या.

नेत्रविभागाच्या वाचकांत नजर कमी असलेले लोक असणारच. छापील अक्षर १६ पॉइंटच्या खाली नेऊ नका. मोबाइल-संगणकाच्या पडद्यावर मजकूर आणि पार्श्वभूमी यांतल्या उजळपणाचं प्रमाण (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ ठेवा. आलेखात ‘लाल रेषा’, ‘हिरवी रेषा’ एवढ्यावर भागवू नका, रेषेशेजारीच नाव लिहा. स्कॅन केलेली पानं स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला) कोरी वाटतात आणि युनिकोडपूर्वीच्या फाँटमधला मजकूर त्याला निरर्थक अक्षरांसारखा ऐकू येतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि एकदा स्क्रीन रीडर लावून ऐका. ६/१२ चा उच्चार कधी तारखेसारखा, कधी भागाकारासारखा होतो. त्यासाठी पहिल्या उल्लेखाला ‘सहा-बारा, म्हणजे ६/१२’ असं अक्षरांत लिहा, पुढे आकडा चालेल.