शेपफाइल ते डीएक्सएफ: नव्याने जीआयएसमध्ये येणाऱ्यांसाठी

भूगोलात पदवी घेऊन परळच्या एका सर्वेक्षण कंपनीत जीआयएसच्या, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या, कामाला लागले. पहिल्याच महिन्यात काम आलं: एका वॉर्डातल्या रस्त्यांची आणि इमारतींची शेपफाइल (जीआयएसमधली नकाशाची फाइल) आर्किटेक्टला डीएक्सएफमध्ये, म्हणजे कॅड ड्रॉइंगच्या फाइलमध्ये, करून द्यायची. पायथनच्या तीसेक ओळी लिहिल्या, फाइल ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर अख्खा वॉर्ड एका ठिपक्याएवढा.

डेटा अक्षांश-रेखांशात होता. कॅडला अंश कळत नाहीत, ७२.८४ म्हणजे त्याच्या लेखी नुसते ७२.८४ युनिट. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, हे शाळेपासून पाठ. म्हणून सगळे आकडे १,११,००० ने गुणले. एक रस्ता मोजला, बरोबर आला, फाइल पाठवली. दोन दिवसांनी आर्किटेक्टचा फोन: जागेवर ४० मीटर भरणारा फ्रंटेज (प्लॉटची रस्त्याकडची बाजू) ड्रॉइंगमध्ये ४२.२ मीटर कसा?

रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटर असतो. मुंबई १९ अंश उत्तरेला, इथे तो जेमतेम १०५ किलोमीटर उरतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतरं साडेपाच टक्क्यांनी ताणली गेली होती. मी तपासलेला रस्ता नेमका उत्तर-दक्षिण होता, आणि आपल्या शहरातले मोठे रस्ते बहुतेक तसेच धावतात. त्या फाइलवर कोणी पाया आखला असता तर, या विचाराने आजही धस्स होतं.

तेव्हा गुणाकार नको, प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बदला. मुंबईसाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनचा झोन ४३ उत्तर, त्याचा ठरलेला क्रमांक म्हणजे ईपीएसजी कोड ३२६४३. ओजीआर-टू-ओजीआर या फाइलचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या कमांडमध्ये हा कोड दिला की काम होतं. एक्स पावणेतीन लाखांच्या आणि वाय एकवीस लाखांच्या आसपास आला तर ठीक. मग दोन अंतरं मोजा, एक आडवं, एक उभं.

दुसरी गोष्ट ॲट्रिब्यूट टेबलची, म्हणजे नकाशातल्या प्रत्येक आकाराच्या माहितीच्या तक्त्याची. ओजीआरने डीएक्सएफ लिहिताना रस्त्याचं नाव, रुंदी, सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेतला प्लॉटचा क्रमांक) हे सगळं गळून जातं, मुख्यतः ‘लेयर’ नावाचा कॉलम कामी येतो; लेयर म्हणजे कॅड ड्रॉइंगमधला थर. म्हणून रस्त्याच्या प्रकाराचा कॉलम त्याच कमांडमध्ये एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली क्वेरी देऊन त्या नावाचा करून घ्या, नाहीतर सगळ्या रेषा शून्य लेयरवर येऊन पडतात. लेयरची नावं आर्किटेक्टला आधीच विचारा.

सीटीएस नंबर प्लॉटवर दिसायला हवा असेल तर इझी-डीएक्सएफ ही पायथन लायब्ररी वापरा. मात्र नंबर सेंट्रॉइडवर, म्हणजे आकाराच्या मध्यबिंदूवर, टाकू नका. एल आकाराच्या प्लॉटचा सेंट्रॉइड शेजाऱ्याच्या हद्दीत पडू शकतो, आणि मग नंबर भलत्याच्याच जागेवर बसतो. शेपली या दुसऱ्या पायथन लायब्ररीमधलं ‘रिप्रेझेंटेटिव्ह पॉइंट’ आतलाच बिंदू देतं. मराठी नावं लिहायची तर डीएक्सएफची २००७ किंवा पुढची आवृत्ती घ्या आणि टेक्स्ट स्टाइलला मंगलसारखा देवनागरी फॉन्ट लावा. कॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये ‘गोखले रोड’ची नुसती प्रश्नचिन्हं होतात.