खासदाराचं काम तपासताय? आधी या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सअॅपवर खासदारांची प्रगतिपुस्तकं फिरायला लागतात. हजेरी एवढे टक्के, प्रश्न एवढे, निधी एवढा, आणि कोपऱ्यात पास-नापासचा शिक्का. आकडे बऱ्याचदा खरे असतात पण ते नेमके कशाचे आहेत हे कोणी सांगत नाही, मग होतं काय की खरंच राबणारा माणूस नापास होतो आणि नुसत्या सह्या करणारा पास. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ जण जातात, गोव्यातून २ आणि १, आणि या सगळ्यांचे प्रश्न, भाषणं, विधेयकं संसदेच्या वेबसाइटवर फुकटात वाचायला मिळतात. एक संध्याकाळ काढली तरी आपल्या खासदाराचा बऱ्यापैकी अंदाज येतो. फक्त काही ठरलेल्या ठिकाणी लोकांची गडबड होते, ती बघू.

हजेरीवरून निकाल लावून मोकळं होणं

हजेरी म्हणजे त्या दिवशी आल्याची नोंद झाली, बस. नोंद करून माणूस पाच तास बसला की पाच मिनिटांत निघाला हे त्यातून कळत नाही. आणि मंत्र्यांना, लोकसभा अध्यक्षांना ती नोंद करावीच लागत नाही, त्यांच्या नावापुढे जागा कोरी असते आणि कोणीतरी ती शून्य टक्के समजून पोस्ट टाकतो. मंत्री प्रश्नही विचारत नाही कारण तो उत्तर देणाऱ्या बाजूला असतो, खासगी विधेयकही (म्हणजे सरकारने नाही, खासदाराने स्वतः आणलेलं) मांडत नाही. शिवाय स्थायी समित्या आहेत, अशा २४ समित्या, प्रत्येकीत ३१ जण, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बजेटमधल्या मागण्यांची आणि बऱ्याच विधेयकांची खरी चिरफाड तिथे होते, तिथलं कामकाज टीव्हीवर दिसत नाही पण अहवाल सगळ्यांसाठी खुले असतात. आपला खासदार कुठल्या समितीवर आहे हे आधी बघा आणि मग त्या समितीचे अहवाल चाळा, एखाद्याने भिन्नमतपत्रिका, म्हणजे अहवालाशी आपलं कुठे पटत नाही हे सांगणारी टिपणी, जोडली असेल तर ती सोडू नका, माणसाचं स्वतःचं मत तिथे स्पष्ट सापडतं.

प्रश्न मोजणं, पण न वाचणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि सगळ्यात जास्त होते.

लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० पर्यंत अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकित म्हणजे मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर. कोणाचा प्रश्न लागणार हे बॅलटने, म्हणजे सोडतीने ठरतं, म्हणजे तारांकित कमी दिसले म्हणून लगेच नाव ठेवू नका. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करतात त्यामुळे एकाच प्रश्नावर तीनचार खासदारांची नावं दिसतात आणि मोजताना तो प्रत्येकाच्या खात्यात एकेक पडतो. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात तर कोरोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त लेखी उत्तरं दिली गेली.

एक उदाहरण जरा जवळून बघू. नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी मतदारसंघ घ्या. निफाड तालुका त्यात येतो आणि लासलगाव निफाडात, म्हणजे इथल्या खासदाराला कांद्यावर बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. आता तुम्ही साइटवर गेलात, कृषी मंत्रालय सिलेक्ट केलं, त्यात कांदा शोधला, दोनचार प्रश्न दिसले आणि तुम्ही ठरवलं की यांनी कांद्याचं काहीच केलं नाही. पण कांद्याच्या निर्यातबंदीचा आदेश वाणिज्य मंत्रालयाखालच्या डीजीएफटीतून (विदेश व्यापार महासंचालनालय) निघतो, निर्यात शुल्क अर्थ मंत्रालय लावतं, नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था जी बफर स्टॉकची (सरकारी राखीव साठ्याची) खरेदी करतात ती ग्राहक व्यवहार मंत्रालयासाठी, आणि कांदा वाहून न्यायला वॅगन हव्या असतील तर रेल्वे. कृषी मंत्रालयाकडे लागवड, बियाणं, पीक विमा वगैरे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण बंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली, यातला एकही निर्णय कृषी मंत्रालयाचा नव्हता. त्यामुळे शोधताना मंत्रालय रिकामं सोडा आणि विषयाने शोधा.

याच मतदारसंघात दुसरी गोम आहे. २०१९ ते २०२४ या काळात इथल्या खासदार डॉ. भारती पवार होत्या आणि जुलै २०२१ मध्ये त्या केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या. त्यांची प्रश्नांची यादी तिथेच थांबते, थांबणारच. मग "शेवटची तीन वर्षं एकही प्रश्न नाही" हे वाक्य आकड्याने बरोबर आहे पण त्यातून निघणारा अर्थ साफ चुकीचा आहे. निर्यातबंदीच्या काळात त्यांनी सरकारात राहून कांद्यासाठी काय केलं हा प्रश्न मतदाराने विचारायलाच हवा, पण त्याचं उत्तर प्रश्नांच्या यादीत मिळणार नाही, ते जाहीर भूमिका, पत्रव्यवहार, त्या वेळच्या बातम्या यांत शोधावं लागेल.

आणि प्राधान्यक्रम शोधायचा असेल, म्हणजे या माणसाला मनापासून कशात रस आहे, तर एक साधी एक्सेल शीट करा. तारीख, मंत्रालय, प्रश्न एका ओळीत. जाहीरनाम्यातले मुद्दे बाजूला लिहून ठेवा. शंभरेक ओळी भरल्या की चित्र आपोआप दिसायला लागतं, कोणी दर अधिवेशनात एकाच रेल्वेमार्गामागे लागलेला असतो, कोणाचे प्रश्न सगळ्या खात्यांवर शिंपडल्यासारखे असतात, आणि कोणी आदिवासी वसतिगृहांवर आधी आकडा मागतो, पुढच्या अधिवेशनात तो आकडा का घसरला विचारतो, त्याच्या पुढच्या वेळी जिल्हावार यादी मागतो. याला पाठपुरावा म्हणायचं. मंत्र्याच्या हातात निवेदन देतानाचा फोटो म्हणजे पाठपुरावा नव्हे.

"यांनी मत कुणाला दिलं" शोधत बसणं

आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने पास होतात, होय म्हणणारे जास्त की नाही म्हणणारे हे अध्यक्ष ऐकून ठरवतात आणि नावं कुठेच नोंदवली जात नाहीत. २०२० चे कृषी कायदे राज्यसभेत असेच आवाजी मतदानाने झाले, विरोधक मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाच्या मताची मोजणी, मागत होते तरी. म्हणजे त्या दिवशी अमक्या खासदाराने राज्यसभेत काय मत दिलं याची यादी कोणी पाठवली तर ती बनवलेली आहे एवढं नक्की. मतविभाजन झालं असेल तरच नावं मिळतात आणि घटनादुरुस्तीला ते होतंच. त्यातही १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, व्हिप म्हणजे पक्षाचा मतदानाचा आदेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे मत हे बऱ्याचदा पक्षाचं असतं आणि माणूस कळतो भाषणातून.

सप्टेंबर २०२३ चं महिला आरक्षण विधेयक आठवा. लोकसभेत बाजूने ४५४, विरोधात २. ते दोघे म्हणजे असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. नुसतं मत बघितलं तर वाटेल की यांना बायका संसदेत नकोत, पण भाषण वाचलं तर आक्षेप असा होता की ओबीसी आणि मुस्लिम महिलांना त्यात वेगळा कोटा नाही. हा आक्षेप पटो न पटो, निदान वाद कशावर होता हे कळल्यावर मत बनवावं ना.

"विधेयक मांडलं" म्हणजे "कायदा झाला" समजणं

मंत्री नसलेल्या कुठल्याही खासदाराला खासगी विधेयक मांडता येतं, त्यासाठी शुक्रवारची दुपार राखलेली असते. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये ऑफिस सुटल्यावर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं विधेयक मांडलं तेव्हा बऱ्याच ग्रुपवर "आता बॉसचा फोन उचलायची गरज नाही" असे मेसेज फिरले, तसा कायदा काही झाला नव्हता.

पण मग पास होत नाही म्हणून खासगी विधेयकाला शून्य मार्क देणं हीसुद्धा चूकच. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांचं बघा. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संसदेला मूलभूत हक्कांमध्ये कपात करणारी दुरुस्ती करता येणार नाही, त्याच वर्षी नाथ पैंनी संसदेचा तो अधिकार परत मिळवण्यासाठी खासगी घटनादुरुस्ती विधेयक आणलं. ते संयुक्त समितीकडे गेलं, त्यावर भरपूर चर्चा झाली, पण पास झालं नाही, आणि जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली आणि संसदेला तो अधिकार मिळाला. आजच्या पद्धतीचं प्रगतिपुस्तक त्यांच्यासाठी बनवलं असतं तर या विधेयकापुढे "मंजूर नाही" एवढंच आलं असतं. विरोधी बाकावर बसून चार वर्षं एक विषय धरून ठेवलेला माणूस त्या दोन शब्दांत कुठे दिसतो?

निधीचे आकडे नुसते शेजारी ठेवणं

खासदार निधी वर्षाला ५ कोटी, २०११-१२ पासून. खासदार फक्त काम सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे. म्हणून सुचवलेलं, मंजूर झालेलं आणि पूर्ण झालेलं हे तीन वेगळे आकडे आहेत आणि प्रचारात यातला सोयीचा उचलला जातो. खर्च कमी दिसला तर खासदाराने सुचवलंच नाही की कलेक्टर ऑफिसात फाइल अडली हे वेगळं तपासा. कोरोनात २०२०-२१ चा निधी पूर्ण बंद होता आणि २०२१-२२ ला फक्त २ कोटी मिळाले, त्यामुळे २०१९ ते २०२४ च्या खासदाराला पाच वर्षांचे २५ नाही, १७ कोटीच मिळणार होते. त्याची तुलना आधीच्या खासदाराशी करून "याने कमी खर्च केला" म्हणणं अन्याय आहे. राज्यसभेवर निवडून गेलेल्याला हा निधी आपल्या राज्यात कुठल्याही जिल्ह्यात सुचवता येतो, नामनियुक्त सदस्याला देशात कुठेही, म्हणून "आमच्या तालुक्यात काही दिलं नाही" ही तक्रार त्यांना तितकीशी लागू होत नाही.

बॅनरवरचं श्रेय

अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे बघा. २६१ किलोमीटरचा मार्ग, १९९५ च्या सुमारास मंजूर, अर्धा खर्च राज्य सरकारचा. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडला सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात किती खासदार, किती मुख्यमंत्री, किती रेल्वेमंत्री होऊन गेले, आणि प्रत्येकाच्या बॅनरवर ही रेल्वे होतीच. कोणी काय केलं हे ठरवायचं तर दर वर्षीची बजेटमधली तरतूद आणि त्या त्या खासदाराचे रेल्वेवरचे प्रश्न समोरासमोर ठेवा. सर्वेक्षणाला मंजुरी म्हणजे मार्गाला मंजुरी नाही आणि मार्गाला मंजुरी म्हणजे पैसे आले असंही नाही, हे तिन्ही टप्पे मंत्र्याच्या लेखी उत्तरात वेगवेगळे लिहिलेले असतात. उलट गावातली गटारं, झेडपीचा रस्ता यासाठी खासदाराला धारेवर धरू नका, तो हिशोब आमदार आणि स्थानिक सदस्यांकडे मागा. मुंबई-गोवा महामार्ग मात्र राष्ट्रीय महामार्ग आहे, तिथे कोकणातल्या खासदारांना जरूर विचारा.

प्रतिज्ञापत्राबद्दल थोडक्यात

संपत्ती आणि गुन्हे निवडणूक अर्जासोबतच्या फॉर्म २६ मध्ये असतात. "पाच गुन्हे" वाचून थांबू नका, कलमं बघा. जमावबंदी मोडून आंदोलन केल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा किंवा खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा एका पारड्यात बसत नाहीत. दाखल, आरोप निश्चित आणि शिक्षा हे टप्पेही वेगळे. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सदस्यत्व लगेच जातं, सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून.

शोधूनही नाव सापडत नसेल तर

पूर्ण नावाने शोधा, मधलं नाव धरून, उदाहरणार्थ सुप्रिया सदानंद सुळे. लोकसभा कितवी आहे ते बदलून बघा, साइट उघडली की चालू म्हणजे १८ वी समोर येते आणि जुनं काम दिसत नाही म्हणून लोक नाद सोडतात. पोटनिवडणुकीत आलेल्यांची सुरुवातीची तारीख बघा, नांदेडची पोटनिवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, तिथल्या खासदाराची तुलना जूनमध्ये शपथ घेतलेल्यांशी करताना पहिली दोन अधिवेशनं वजा करावी लागतील.

आणि प्रश्नाचं उत्तर उघडल्यावर तिथे "माहिती गोळा केली जात आहे" एवढंच असेल तर टॅब बंद करू नका. असं उत्तर म्हणजे सरकारने सभागृहाला दिलेलं आश्वासन मानतात, ते तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासन समिती आहे. त्या तारखेच्या पुढच्या दोन अधिवेशनांत आपल्या खासदाराने तोच विषय पुन्हा काढला का, ते शोधा.