वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: या चुका टाळा

घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं; ते ही चाचणी दाखवते. म्हणून सर्पदंशाचा पेशंट आला की नळी हाती घेण्याआधी ती नळी कुठून आली ते विचारा. न विचारण्याची चूक मी दर सोयाबीन काढणीला बघतो.

परभणीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात रात्री एक मावशी आल्या. पायाला काहीतरी चावलेलं, सूज जेमतेम. शिरेतून दोन मिलि रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलं. 20 मिनिटांनी नळी कलती केली, तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. नव्या डॉक्टरांनी लगेच एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, 10 व्हायल काढायला सांगितल्या. पण हिरड्या स्वच्छ, सुईची जागाही कोरडी, म्हणजे रक्त कुठूनच वाहत नव्हतं. मी त्यांना थांबवलं आणि मावशींच्या मुलाचं रक्त त्याच ट्रेमधल्या नळीत घेतलं. तेही गोठेना! नळ्या साबणाच्या पावडरने धुतलेल्या होत्या. काचेचा स्पर्श रक्त गोठण्याला चालना देतो. साबणाचा अंश राहिला की ती मिळत नाही. कोऱ्या नळ्यांत दोघांचंही रक्त घट्ट गोठलं. एएसव्हीची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते, ती मावशींना विनाकारण आली असती. तेव्हापासून कोऱ्या नळ्या मी कुलपात ठेवतो आणि नातेवाइकाचं रक्त शेजारी लावतो.

प्लास्टिकची नळी चालत नाही. जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये तर रक्त गोठू नये म्हणूनच औषध असतं.

नळी मध्येच हलवू नका. दहाव्या मिनिटाला डोकावणाऱ्यांचा मला राग येतो. मी सुरुवातीची वेळ चिकटपट्टीवर लिहून नळीला लावतो आणि दुसऱ्या कामाला लागतो.

पहिल्या वेळी रक्त गोठलं की नातेवाईक म्हणतात, “डॉक्टरसाहेब, गोठलं ना, मग सोडा की.” सोडू नका. घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनायला वेळ घेतं. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, नंतर दर तासाला चाचणी करा. त्या मावशींनाही आम्ही तसंच ठेवून घेतलं होतं.

एएसव्ही दिल्यावर मात्र उलटं. तासाभरात नळी लावून ‘गोठत नाही’ म्हणत आणखी व्हायल चढवणं ही निव्वळ घाई. विष निष्प्रभ झालं तरी गोठवणारे घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात. पुढची चाचणी 6 तासांनी.

नाग-मण्यारच्या दंशात रक्त नीट गोठतं. तिथे पापण्या बघा. मिटायला लागल्या असतील तर श्वासही थांबू शकतो; हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग उशाशी आणून ठेवा.