केबिन बॅग भरताना एक वेगळी छोटी पिशवी

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून सुटणाऱ्या लहान विमानांत डोक्यावरचे कप्पे अरुंद असल्याने, कधीकधी केबिन बॅग विमानाच्या दाराशीच काढून घेऊन सामानकक्षात ठेवतात आणि मग पॉवर बँक शोधण्यासाठी भरलेली बॅग सर्वांसमोर उपसावी लागते. कारण पॉवर बँक सामानकक्षात चालत नाही, ती प्रवाशाजवळच असावी लागते.

१. पॉवर बँक, औषधे, दागिने आणि ओळखपत्र एका छोट्या पिशवीत भरून ती बॅगेत सर्वांत वर ठेवावी, म्हणजे बॅग मागितली की तेवढीच पिशवी उचलून घेता येते.

२. पॉवर बँकेची क्षमता १०० वॉट-तासांपर्यंत असावी. तिच्यावर फक्त एमएएच छापलेले असेल, तर त्या आकड्याला ३.७ ने गुणून १००० ने भागावे. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे निर्धास्तपणे नेता येते.

३. कांदा-लसूण चटणी आणि मिरचीपूड चेक-इन बॅगेतच, दुहेरी पिशवीत घट्ट बांधून द्यावी. तपासणीच्या रांगेत चटणीचा डबा सोडून द्यावा लागणे कोल्हापूरकराला परवडणारे नाही.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच ठेवाव्यात. तेलकट खोबरे ज्वलनशील मानले जात असल्याने ते सामानातून काढून घेतले जाऊ शकते.